आक्षेप नसल्यास

१ सप्टेंबर, सोमवार

आज घडलं ते क्रमाने:

१. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे आमच्या पाणीपुरवठा खात्याचे मुख्य अभियंता.
२. ऑक्टोबरमध्ये परदेशात स्त्री-पुरुष समानतेच्या धोरणावर आंतरराष्ट्रीय परिषद आहे. आपल्या शिष्टमंडळात एक तरुण स्त्री हवी. वय तिशीच्या आत, शिक्षण तांत्रिक.
३. खात्यात या वर्णनाची मी एकटीच.
४. म्हणजे निवड गुणवत्तेवर झाली.
५. मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. साहेब म्हणाले, चला, ठरलं मग.

नवीन पंप हाऊस ३० ऑक्टोबरला सुरू व्हायचंय. त्याची कंट्रोल सिस्टिम माझी. कोणती टाकी भरली की कोणता पंप थांबायचा, कोणता व्हॉल्व्ह किती उघडायचा, प्रत्येक ओळ मी लिहिलेली. पहिल्या दिवशी कंट्रोल रूममधल्या खुर्चीत मीच बसणार, हे साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं आहे. परिषद त्याआधी आटोपते. दोन्ही जमेल.

संकल्प: कमी बोलायचं. नेमकं बोलायचं.

३ सप्टेंबर, बुधवार

घरी सांगितलं. आईने विचारलं, तिकडे थंडी असते का. ताई नर्स आहे. ड्यूटीवरून येऊन खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, धोरण करणार म्हणजे नक्की काय करणार? लिहिणार, वाचणार की टाळ्या वाजवणार? मी सांगितलं, निर्णयप्रक्रियेत जगभरातल्या तरुण स्त्रियांचा सहभाग वाढवणार. ती म्हणाली, छान, मग आधी आपल्या घरात टीव्हीचा रिमोट कुणाकडे असतो ते ठरव.

रिमोट ताईकडेच असतो.

ज्यांचा संस्थात्मक कामाशी संबंध येत नाही त्यांना ते समजावणं अवघड.

९ सप्टेंबर, मंगळवार

पहिली ऑनलाइन बैठक. शिष्टमंडळाच्या समन्वयक बाई सगळ्या तरुणांना बाळा म्हणतात. आवाज मऊ, वाक्यं लांब. परिषदेत ‘तरुण आवाज’ नावाचं एक सत्र आहे, त्यात मला दोन मिनिटं मिळणार. मसुदा दुसऱ्या खोलीत होतो. ती खोली कोणती, असं विचारलं. बाई म्हणाल्या, बाळा, तू तुझ्या दोन मिनिटांवर लक्ष दे.

मसुदा मात्र वाचायला मिळाला. माझ्या कामाचा परिच्छेद चौदावा: ‘सर्व स्तरांवरील निर्णयप्रक्रियेत तरुण स्त्रियांचा अर्थपूर्ण सहभाग सुनिश्चित करावा.’

अर्थपूर्ण मोजायचं कशाने? प्रेशरला एकक असतं, प्रवाहाला असतं. ज्याची व्याख्या नाही ते पाइपातून कुठेही गळतं. मी एक वाक्य सुचवलं: सहभाग म्हणजे निर्णयाआधी कळणं, विचारलं जाणं आणि नाही म्हणता येणं.

बाईंनी अंगठा पाठवला. याचा अर्थ वाक्य पुढे गेलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज मौन पद्धत शिकले. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत सर्रास वापरतात. अध्यक्ष मजकूर सगळ्यांना पाठवतात आणि एक मुदत देतात. मुदतीत कुणीच आक्षेप घेतला नाही तर मजकूर मंजूर. हात वर करायला नको, सह्या नकोत, चर्चा नको. आक्षेप घेतला की ‘मौन मोडलं’ म्हणतात.

अतिशय सुबक रचना. आमच्या धंद्यात उलट असतं. सेन्सरकडून सिग्नल आला नाही तर तार तुटली समजून पंप बंद करतात. पण माणसं म्हणजे सेन्सर नव्हेत. माणूस गप्प आहे म्हणजे त्याने विचार केलेला आहे.

मला ही पद्धत स्वभावाला फार जुळते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

खात्यात व्हॉल्व्हखरेदीची फाइल उन्हाळ्यापासून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरते आहे. मी साहेबांना मौन पद्धत सांगितली. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, म्हणजे कुणी काही बोललं नाही की झालं? मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, अहो, इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?

पद्धत खात्यात लागू करणाऱ्या परिपत्रकाचा मसुदा मीच केला. एक पान, पळवाट नाही. होयबाने वाचून हो हो म्हटलं. होयबा म्हणजे माझ्या हाताखालचा कनिष्ठ अभियंता. खरं नाव पगारपत्रकात असेल. पुढे त्याने विचारलं, मॅडम, पण ज्याच्याबद्दल निर्णय आहे तो रजेवर असला तर? मी म्हटलं, मेल रजेवर नसतो.

२० सप्टेंबर, शनिवार

व्हॉल्व्ह मंजूर. कुणीही मौन मोडलं नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये माझा उल्लेख ‘आपल्या आंतरराष्ट्रीय मॅडम’ असा केला. एक जण हसला; कौतुकाने.

पद्धत घरीही लागू केली. काल फॅमिली ग्रुपवर लिहिलं: शनिवार-रविवार सकाळी पुढची खोली बैठकांसाठी माझी, आक्षेप नसल्यास सायंकाळी सहाला मंजूर. सहा वाजायच्या आत ताईचं उत्तर आलं: आहे. कारण विचारलं. ती म्हणाली, कारण द्यायचं असं तुझ्या मेसेजमध्ये कुठे आहे? आई जेवणाच्या वेळी म्हणाली की तिने ग्रुप पाहिलाच नाही, ती भिंतीपलीकडे होती, तोंडाने विचारलं असतंस तर खोली तेव्हाच दिली असती.

आज सकाळची बैठक स्वयंपाकघरात घेतली. मागे भांड्यांचा आवाज. समन्वयक बाई म्हणाल्या, किती खरीखुरी पार्श्वभूमी!

२६ सप्टेंबर, शुक्रवार

माझं वाक्य मसुद्यात दिसत नाही. शिष्टमंडळप्रमुखांना मेल लिहिला: तीन मुद्दे, सभ्य भाषा. ते ज्येष्ठ आहेत, पूर्वी राजदूत होते, त्यांच्या फोटोतही ते घाईत दिसतात. मेलच्या शेवटी लिहिलं, मंगळवारपर्यंत आपला आक्षेप नसल्यास वाक्य समाविष्ट होईल असे मी समजते.

३० सप्टेंबर, मंगळवार

प्रमुखांचा आक्षेप आला नाही. काहीच आलं नाही. म्हणजे वाक्य स्वीकारलं गेलं.

ताईला सांगितलं. ताई म्हणाली, त्यांनी मेल उघडला तरी होता का? सुरुवातीपासून तिचा सूर हाच आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

पोचले. परिषद भवन भलं मोठं, सगळीकडे एकच राखाडी गालिचा. प्रत्येकाला गळ्यात बिल्ला. माझा पिवळा. मसुद्याच्या खोलीचं दार निळ्या बिल्ल्याला उघडतं. पिवळ्यांसाठी शेजारी एक हॉल आहे, तिथे पडद्यावर आतली बैठक दिसते. आवाज मध्येच जातो. चांगली सोय आहे. आत बसलेल्यांपेक्षा चेहरे जास्त नीट दिसतात.

तीनदा फोटो काढले. एकदा खिडकीकडे बघायला सांगितलं, भविष्याकडे बघितल्यासारखं. खिडकीबाहेर पार्किंग होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

‘तरुण आवाज’ झालं. आधीचा वक्ता लांबला, म्हणून अध्यक्षांनी मला एका मिनिटात आटोपायला सांगितलं. एककाचा मुद्दा मांडला. व्याख्येपर्यंत आले तेव्हा माइक बंद झाला. उरलेलं बिनमाइकचं बोलले. पहिल्या रांगेतल्या दुभाष्याने मान हलवली. टाळ्या झाल्या.

दुपारी ऑफिसचा मेल. साहेबांचं परिपत्रक, मौन पद्धतीने, माझ्याच मसुद्याच्या नमुन्यात:

खात्यात समानता कक्ष स्थापन करण्यात येत आहे. कक्षप्रमुख म्हणून मी. नवीन पंप हाऊस सुरू करण्याची आणि कंट्रोल रूमची जबाबदारी होयबाकडे. कोणाचा आक्षेप असल्यास गुरुवारी सायंकाळी पाचपर्यंत कळवावे. आक्षेप नसल्यास मंजूर.

तीनदा वाचलं.

घाईने उत्तर देणं हे कच्च्या प्रतिनिधीचं लक्षण. आक्षेपाच्या तीन ओळी लिहून ड्राफ्टमध्ये ठेवल्या. साहेबांना माझी बाजू माहीत आहेच.

८ ऑक्टोबर, बुधवार

उद्या परिच्छेद चौदाचा शेवटचा मजकूर मौन पद्धतीने फिरणार. समन्वयक बाईंना विचारलं की वाक्य नसेल तर आक्षेप कसा घ्यायचा. बाई म्हणाल्या, बाळा, आक्षेप मिठासारखा वापरायचा. मुरलेला प्रतिनिधी आठवड्यात एकापेक्षा जास्त आक्षेप घेत नाही, नाहीतर लोक त्याचं नाव दिसलं की मेलच उघडत नाहीत.

हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. माझ्याकडे या आठवड्याला एकच आक्षेप आहे. तो परिच्छेद चौदासाठी राखून ठेवला. पंप हाऊस माझं एकटीचं, परिच्छेद जगाचा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी मजकूर आला. ‘सर्व स्तरांवरील निर्णयप्रक्रियेत, योग्य तेथे, तरुण स्त्रियांचा अर्थपूर्ण सहभाग प्रोत्साहित करावा.’ माझं वाक्य नाही. मुदत दुपारी बारा.

बाईंकडे गेले, आक्षेप नोंदवायचाय म्हटलं. बाई म्हणाल्या, अगं, तरुण प्रतिनिधींना मौन मोडता येत नाही, ते प्रमुखच मोडतात, तुला माहीत नव्हतं? प्रमुख कुठे आहेत विचारलं. जेवायला. कुठे? ते बाईंनाही माहीत नव्हतं. दोन कॅफेटेरिया आणि एक छतावरचं रेस्टॉरंट शोधलं. छतावर पिवळा बिल्ला चालत नाही.

बाराला मजकूर मंजूर झाला. हॉलमध्ये पडद्यावर सगळे उभं राहून टाळ्या वाजवताना दिसले. आवाज गेला होता.

विचार केल्यावर ‘योग्य तेथे’ वाईट नाही. त्याने लवचीकता येते.

पाचच्या आधी, ऑफिसच्या घड्याळाने, ड्राफ्ट उघडला. पाठवला नाही. एका दिवसात दोन आक्षेप म्हणजे अपरिपक्वता. पहिला प्रत्यक्षात झाला नाही हे खरं, पण मी तो घ्यायला निघाले होते, त्यामुळे तो मोजायला हवा.

साहेबांशी समोरासमोर बोलणं जास्त परिणामकारक होईल.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिस. माझ्या टेबलावर होयबाचा डबा होता. तो मला बघून उभा राहिला, डबा उचलला, परत ठेवला, परत उचलला. म्हणाला, मॅडम, मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल.

समानता कक्ष तळमजल्यावर, जुन्या मीटरच्या स्टोअरमध्ये. भिंतीवर रॅकचे डाग. एक टेबल, दोन खुर्च्या, दारावर नवीन पाटी. पाटी सुबक आहे. खिडकी आहे पण तिला बाहेरून कूलर लावलेला आहे, तो वरच्या मजल्याचा.

साहेबांना भेटले. ते खरंच खूश होते. म्हणाले, बघा, तुम्ही परत यायच्या आत कक्ष तयार. मी म्हटलं, पंप हाऊसबद्दल थोडं बोलायचं होतं. ते म्हणाले, आता बोलताय? परिपत्रक फिरलं, मुदत गेली, एकाचाही आक्षेप नाही. तुमचीच पद्धत आहे, मॅडम, मी मोडली तर कसं दिसेल? मी म्हटलं, मी अभ्यास करत होते. ते म्हणाले, करा की, आता निवांत करा.

निघताना म्हणाले, अहो, पंप कुणीही चालवेल, पण या खुर्चीत बसायला खात्यात दुसरं आहे तरी कोण?

हे एका अर्थी खरं आहे. खालून वरपर्यंत सगळीकडे प्रभाव टाकता येईल अशी जागा. योजना: पंधरा दिवसांत कक्षाचा आराखडा, त्यात कंट्रोल रूमवर देखरेखीचा अधिकार.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आराखडा दिला. साहेब म्हणाले, ठेवा, बघतो.

होयबा रोज फोन करतो. आज दोन नंबरच्या टाकीचा अलार्म मध्येच का वाजतो असं विचारत होता. मी सांगितलं, सेन्सरच्या केबलचं अर्थिंग बघ. तो हो हो म्हणाला. मग म्हणाला, मॅडम, तुम्ही पाच मिनिटं कंट्रोल रूममध्ये येऊन बघता का? मी म्हटलं, माझं कार्ड आता तिथे चालत नाही. तो म्हणाला, मी आतून उघडतो. मी म्हटलं, नको, रीतसर व्हायला हवं.

म्हणजे सल्लागाराची भूमिका. सल्लागाराला खुर्ची लागत नाही.

संध्याकाळी टेबलाजवळ कान लावला तर भिंतीतून पाइपाचा आवाज येतो. टेस्टिंग चालू होतं. तिसरा पंप पाणी उशिरा घेतो, मी दिलेल्या वेळेपेक्षा. कुणीतरी सेटिंग बदललं आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

ताईने सरळ विचारलं, तू नाही म्हणालीस का? मी सांगितलं की तिथल्या प्रक्रियेत आक्षेप घेण्याचे संकेत असतात, वेळ असते. ती म्हणाली, मी संकेत विचारले नाहीत, हो की नाही ते सांग. आई म्हणाली, अगं, तिला जेवू दे. ताई म्हणाली, तिला जेवायला कोण अडवतंय, तिला जे अडवतंय ते मला कळू दे.

प्रश्नाची रचना चुकीची होती. दोन पर्यायांत सगळं बसत नाही.

भात अर्धा राहिला. आईने ताट उचललं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

समन्वयक बाईंचा मेल. परिच्छेद चौदा कसा अमलात येतोय याचा अहवाल निघतो आहे. त्यात ‘उत्तम उदाहरण’ म्हणून आमचा समानता कक्ष: तरुण स्त्री अभियंत्याला पंपाच्या कामातून थेट नेतृत्वाच्या खुर्चीत आणलं. सोबत माझा पार्किंगकडे बघतानाचा फोटो. बुधवारपर्यंत आक्षेप नसल्यास छापलं जाईल.

फोटो मोठा करून पाहिला. कूलर चालू होता.

शेवटी ठरवलं: छापू दे. नाही म्हटलं तर परिच्छेद चौदाचं एकमेव उदाहरण जाईल. दुसऱ्या देशातल्या एखाद्या मुलीला याचा उपयोग होईल. आणि उदाहरण म्हटलं की खात्यालाही जबाबदारीने वागावं लागेल. साहेब हे वाचून कंट्रोल रूमचा विचार नक्की करतील.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पंप हाऊस सुरू झालं.

स्टेज बाहेर, कंट्रोल रूमच्या काचेसमोर. स्टेजवर दुसऱ्या रांगेत माझी खुर्ची. कार्यक्रमपत्रिकेत मी ‘प्रेरणा’ या सदरात. साहेबांनी माइक दिला. मी परिच्छेद चौदा वाचून दाखवला. ‘योग्य तेथे’ म्हणताना काचेकडे बघितलं. आत होयबा खुर्चीत बसला होता, पाठ ताठ, हात मांडीवर, फोटोतल्यासारखा.

मला वाटत होतं की काहीतरी अडेल. हे लिहायला नको, पण वाटत होतं. तिसरा पंप पाणी उशिरा घेईल, अलार्म वाजेल, होयबा बाहेर बघेल, आणि मी उठेन. स्टेजवरून दारापर्यंतचा रस्ता मी नजरेने मोजूनही ठेवला होता.

काही अडलं नाही. एक, दोन, तीन, एकामागून एक, मी लिहिल्याप्रमाणे. टाक्या भरल्या, पंप आपोआप थांबले. माझी सिस्टिम बिनचूक चालली. तिला माझी गरज पडू नये अशीच तर मी ती लिहिली होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही. साहेब वाकून कानात म्हणाले, बघा, म्हटलं नव्हतं, पंप कुणीही चालवेल.

आई-ताई शेवटच्या रांगेत होत्या. परत येताना ताई एक शब्द बोलली नाही. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर खोलीत. ड्राफ्टमधल्या तीन ओळी उघडून वाचल्या. भाषा चांगली आहे. नेमकी. तिसऱ्या ओळीत एक शब्द जास्त होता, तो काढला.

ताई चहा घेऊन आली, पलंगाच्या कडेला बसली. मी विचारलं, तुमच्या वॉर्डात पेशंट गप्प असला तर काय समजता? ती म्हणाली, काही समजत नाही. जाऊन विचारतो.

३ नोव्हेंबर, सोमवार

अहवाल छापून आला. पान एकोणीस. फोटो मोठा आहे.

साहेबांना पत्र दिलं. त्यांच्या कारकुनाने ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, हातात देते. थांबले. साहेब फोनवर होते. हाताने खूण केली की ठेवा. ठेवलं आणि तिथेच उभी राहिले, ते वाचेपर्यंत. ते पहिली ओळ वाचून म्हणाले, हे आता? मी म्हटलं, आता. ते म्हणाले, बसा. मी बसले नाही. त्यांनी पत्र घडी करून फाइलखाली सरकवलं आणि परत फोन घेतला.

पत्राची प्रत इथे उतरवते.

‘मा. मुख्य अभियंता,
समानता कक्षात झालेली माझी बदली मला मान्य नाही. ती तेव्हाही मान्य नव्हती. मी तसे कळवले नाही, ही चूक माझी. मौन पद्धतीचे परिपत्रक मी लिहिले होते. ज्याच्याबद्दल निर्णय आहे त्याला आधी विचारावे, हे मी त्यात लिहिले नाही, हीही चूक माझीच.
मला कंट्रोल रूममध्ये माझ्या मूळ कामावर परत घ्यावे. प्रमुख म्हणून शक्य नसेल तर शिफ्टमध्ये घ्यावे. रात्रपाळी चालेल.
कृपया शुक्रवार, ७ नोव्हेंबरपर्यंत हो किंवा नाही असे लेखी उत्तर द्यावे.’